ब्रँड वाढवायची नोकरी: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२००१ साली एमबीए करून मी साबण, पावडर, तेलाच्या धंद्यात आले आणि अजून तिथेच आहे. आधी सेल्स ट्रेनी, मग एरिया, मग ब्रँड, मग कॅटेगरी, आता अख्ख्या मार्केटिंग टीमचा डोक्याला ताप. तीन कंपन्या झाल्या. त्यांची नावं इथे येणार नाहीत. कॉलेजात बोलायला गेलं, लग्नात पंगतीला बसलं, लिंक्डइन उघडलं, की फिरून फिरून तेच प्रश्न. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते.

म्हणजे तुम्ही जाहिराती बनवता?

नाही. जाहिरात एजन्सी बनवते. काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, एवढं मी ठरवते, आणि शूटिंगला गेले तर कोपऱ्यात बसून चहा पिते. वर्षातले जाहिरातीवर गेलेले दिवस मोजले तर महिना-दीड महिना भरेल. उरलेले साडेदहा महिने किंमत, पुडीतले ग्रॅम, झाकण, खोक्याचा पुठ्ठा, कुठल्या तालुक्यात माल पोचत नाही आणि का पोचत नाही, यात जातात.

पॅराशूटचं उदाहरण देते, कारण ते आता सगळ्यांना ठाऊक असलेलं आहे. खोबरेल तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात यायचं. प्लास्टिक स्वस्त, दिसायलाही बरं; पण दुकानदार हात लावेनात. आधी कुणीतरी चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्या आणल्या होत्या, त्या उंदरांनी कुरतडल्या आणि दुकानभर तेल झालं होतं. पॅराशूटच्या हर्ष मारीवालांच्या लोकांनी बाटली गोल केली, म्हणजे उंदराच्या दातांना धरायला कोपराच नको, आणि बाहेर थेंबभरही तेल राहणार नाही असं बूच बसवलं. मग भरलेल्या बाटल्या उंदरांबरोबर पिंजऱ्यात ठेवून दुकानदारांना दाखवल्या. मला कुणी मार्केटिंग म्हणजे काय विचारलं, की मी जाहिरात दाखवत नाही, हा पिंजरा सांगते.

ब्रँड ‘वाढतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

गणित म्हणाल तर तीनच वाटा आहेत. जास्त घरांत जा, त्याच घरात जास्त खपा, किंवा किंमत वाढवा. मीटिंगमध्ये दुसऱ्या वाटेवर फार वेळ जातो, कारण ‘आपलं निष्ठावान गिऱ्हाईक’ हे शब्द ऐकायला गोड लागतात. पण टूथपेस्टवर प्रेम बसलं म्हणून कुणी दिवसातून पाच वेळा दात घासत नाही. माझ्या हातून जे ब्रँड वाढले ते एकाच कारणाने वाढले: ज्या घरात कधी गेले नव्हते तिथे एकदा गेले. पुन्हा गेले तर उत्तम; पण आधी एकदा तरी जायला हवं.

शाम्पूची पुडी हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. तमिळनाडूत कडलूरला चिन्नी कृष्णन यांनी पुडीची कल्पना रुजवली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली १५ हजार रुपयांच्या भांडवलावर वेगळी चूल मांडून ‘चिक’ बाजारात आणला. त्यांची एक स्कीम मला फार आवडते. कुठल्याही शाम्पूच्या रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक पुडी फुकट न्या. लोकांना सवय लागली तसा नियम बदलला: रिकाम्या पुड्या फक्त चिकच्याच चालतील. आधी दुसऱ्याचं गिऱ्हाईक स्वतःच्या दारात आणलं, मग दाराला कडी घातली. बाटली विकत घेणं ज्यांना कधी जमलं नसतं, अशी लाखो घरं त्या पुडीने शाम्पूत आणली.

सुरुवात सेल्समध्येच का करायला लावतात? आम्हाला तर ब्रँडमध्ये जायचंय.

कारण ऑफिसात बसून काढलेलं गिऱ्हाईक हे कागदावरचं गिऱ्हाईक असतं.

माझं पहिलं पोस्टिंग सोलापूर जिल्ह्यात. बार्शीला भगवंत मंदिराजवळच्या पेठेत सकाळी साडेनऊला एका किराणा दुकानात उभी होते. बरोबर स्टॉकिस्टचा, म्हणजे कंपनीचा माल साठवून दुकानांना पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा, सेल्समन, हातात ऑर्डर बुक. दुकानदार काका म्हणाले, “मॅडम, अजून भवानी व्हायचीय, जरा दम धरा.” तेवढ्यात सात-आठ वर्षांची एक पोरगी आली, गल्ल्यापुढच्या काचेवर नाणं आपटलं आणि म्हणाली, “शाम्पू द्या.” कुठला, ते सांगितलं नाही. काकांनी वर न बघता हात उचलला, डोक्यावर लोंबणाऱ्या माळांपैकी एक पुडी टरकन् फाडली आणि दिली. आमची माळ दोन खिळे पलीकडे होती.

मी विचारलं, “काका, हीच का दिली?” ते म्हणाले, “हात पोचला ती दिली.”

कॉलेजात दोन वर्षं मी ब्रँडची प्रतिमा, स्थान, व्यक्तिमत्त्व शिकले होते. त्यातलं काहीच त्या खिळ्यापर्यंत पोचलं नव्हतं. पुढचे तीन महिने त्या बीटवरच्या, म्हणजे ठरलेल्या फेरीतल्या, प्रत्येक दुकानात मी एकच गोष्ट मागत फिरले: आमची माळ अलीकडच्या खिळ्यावर. कुणी सहज दिला, कुणी एक पेटी उधारीवर मागितली, एकाने तर खिळा विकत द्यावा तसा भाव सांगितला. खप वाढला. किती, ते आता आठवत नाही, आणि त्याचं श्रेय स्टॉकिस्टचा सेल्समन घेऊन गेला. बरोबरच होतं, शिडीवर तोच चढायचा.

पाच रुपयांच्या पुडीचं एवढं कौतुक कशाला?

कारण पाच रुपये ही किंमत नसून नाणं आहे. गिऱ्हाईक हातात नाणं घेऊन येतं, दुकानदाराला सुटे द्यायचे नसतात. त्यामुळे कच्चा माल महागला तरी किंमत हलत नाही, आतले ग्रॅम हलतात. बिस्किटाचा पुडा गुपचूप बारीक होतो तो असा. लोकांना वाटतं आम्ही हे मजेत करतो. त्या दोन ग्रॅमवरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ ला उलटा पेच आला. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आनंदाची बातमी. आता पाच रुपयांच्या पुडीचं गणित करा. १८ टक्के करासह ५ रुपये म्हणजे मूळ किंमत ४ रुपये २४ पैसे. त्यावर ५ टक्के लावले की होतात ४ रुपये ४५ पैसे. हे ४५ पैसे द्यायचे कशाने? तरी त्या काळात अशा विचित्र किमती छापलेली पाकिटं बाजारात आली, कारण कराचा फायदा गिऱ्हाईकाला पोचलेला दिसायला हवा होता. दुसरा मार्ग म्हणजे किंमत पाचच ठेवून माल साधारण १२ टक्क्यांनी वाढवणं. ऐकायला सोपं आहे. पण ५० ग्रॅमच्या जागी ५६ ग्रॅम भरायचे म्हणजे पाकिटाची लांबी बदलते, छपाईचा सिलिंडर बदलतो, खोक्यात मावणाऱ्या पुड्यांची संख्या बदलते आणि जुन्या छपाईचं रोल गोदामात पडून राहतं. त्या महिन्यात मी एकही जाहिरात पाहिली नाही. फक्त वजनकाट्याचे फोटो पाहिले.

एमबीए लागतंच का? कुठून करावं?

मोठ्या कंपनीच्या मॅनेजमेंट ट्रेनीसाठी, हो, जवळजवळ लागतंच. कॅट किंवा राज्याची सीईटी देऊन मुंबईचं जमनालाल बजाज, स्नॅप देऊन पुण्याचं सिम्बायोसिस, जाहिरात-संवादाकडे ओढा असेल तर अहमदाबादचं मायका, ही नावं तुम्हाला ठाऊकच असतील. नाही मिळालं तर स्टॉकिस्टकडे किंवा कंपनीच्या कंत्राटी सेल्समध्ये शिरा आणि वर या. वाट लांबची आहे, पण त्या वाटेने आलेली माणसं माझ्या टीममध्ये आहेत आणि त्यांना दुकानदार फसवू शकत नाही.

इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

प्रेझेंटेशनपुरतं करून घ्यावं लागेल, त्याला इलाज नाही. पण गिऱ्हाईकाच्या घरी बसून बोलण्यात तुम्ही कॉन्व्हेंटवाल्यांच्या पुढे असाल. आमच्याकडचा एक हुशार मुलगा जालन्यातल्या एका बाईंना विचारत होता, “आपको इस प्रॉडक्ट से क्या अपेक्षाएँ हैं?” त्या बाई पदर सावरून गप्प बसल्या. मी विचारलं, “ताई, पावडर संपली की काय करता?” त्यानंतर पाऊण तास त्या बोलत होत्या.

पगार किती?

सुरुवातीला आयटीवाल्या मित्राएवढा किंवा थोडा कमी. पुढे बराच बरा. याहून जास्त सांगत नाही.

बाईला या क्षेत्रात वरपर्यंत जाता येतं का?

येतं. १ ऑगस्ट २०२५ ला प्रिया नायर हिंदुस्तान युनिलिव्हरच्या पहिल्या महिला मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज, मग पुण्याचं सिम्बायोसिस, १९९५ मध्ये कंपनीत, आणि पुढची सगळी वाट कपड्यांची पावडर, सौंदर्यप्रसाधनं यांतून. म्हणजे मार्केटिंगमधून.

पण खालच्या पायरीची गोष्ट वेगळी. बीटवर असताना मला सगळ्यात जास्त छळलेला प्रश्न टार्गेटचा नव्हता, स्वच्छतागृहाचा होता. दिवसभरात चाळीस दुकानं, आणि सोय असली तर एसटी स्टँडवर. मी दुपारपर्यंत पाणीच पीत नसे. आता काही कंपन्या पेट्रोल पंपांची यादी देतात. मुलाखतीत हे बेधडक विचारा. ज्याला हा प्रश्न वावगा वाटेल त्याच्याकडे जाऊ नका.

तुमचा एखादा लाँच फसलाय का?

फसलाय, आणि सपशेल. खोबरेल तेलाची नवी बाटली होती: बारीक तोंड, फटकन् उघडणारं झाकण, एक थेंब वाया जाणार नाही. चाचणी घेतली मुंबईत, मे महिन्यात. बायकांनी डोक्यावर घेतली. आम्ही ती नोव्हेंबरमध्ये मराठवाडा-विदर्भात उतरवली.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मे महिन्यात मुंबईत बसून ते आठवलं नाही. डिसेंबरात परभणीहून फोन: तेल बाहेरच येत नाही. कुणी बाटली उन्हात ठेवली, कुणी गरम पाण्यात बुडवली, आणि एका बाईंनी चुलीशेजारी ठेवली तर तिचं बूड वितळलं. ती बाटली स्टॉकिस्टने मला कुरिअरने पाठवली, चिठ्ठीशिवाय. थंडीत रुंद तोंडाची बरणी का विकतात, ते मला त्या दिवशी कळलं. माल परत आला आणि त्या वर्षी माझी बढती राहिली. वरच्या साहेबांनी चाचणीच्या कागदावर सही केली होती. ती मात्र कुणाला सापडली नाही. ते बिनबुडाचं प्लास्टिक अजून माझ्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला. खाली बशी ठेवावी लागते.

स्वस्तातला प्रतिस्पर्धी आला तर काय करायचं?

पहिली गोष्ट, त्याला हसायचं नाही. करसनभाई पटेल १९६९ मध्ये अहमदाबादेत सरकारी नोकरी सांभाळून सायकलवर निरमा विकत होते, तेव्हा ती पावडर सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती. सर्फवाल्यांना वाटलं, हे आपलं गिऱ्हाईकच नव्हे. खरंच नव्हतं, ती घरं तोवर साबणाच्या वडीने कपडे धूत होती. पण अशा घरांची संख्या फार मोठी होती. मग सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी आल्या, महाग पावडर शेवटी स्वस्त कशी पडते ते पटवून गेल्या. ती जाहिरात थोर होतीच. पण माझ्या मते खरं उत्तर सर्फवाल्यांचीच १९८७ ची दुसरी पावडर, ‘व्हील’: निरमाच्या भावाच्या आसपास, वेगळ्या कारखानदारीचं, वेगळ्या हिशेबाचं. जाहिरातीने किल्ला राखला, मैदानात उतरायला दुसरा घोडाच लागला.

एखादं प्रकरण उपटलं, बदनामी झाली, तर?

माल परत घ्या, तोंड उघडा, काहीतरी डोळ्यांना दिसेल असं बदला. या क्रमाने.

ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. सुरुवातीला बोट साठवणुकीकडे दाखवलं गेलं, म्हणजे दुकानदाराकडे, आणि ते कुणालाच रुचलं नाही. पुढे दुकानदारांना माल नीट ठेवायला शिकवण्याची मोहीम निघाली, २००४ च्या सुरुवातीला जाड, सीलबंद वेष्टन आलं आणि अमिताभ बच्चन आले. लोकांना बच्चन आठवतात. मला वेष्टन आठवतं. ते नसतं तर बच्चन काय दाखवणार होते?

मॅगीचं २०१५ चं प्रकरण याहून अवघड होतं. जूनमध्ये बंदी, शिसं आणि अजिनोमोटोवरून गदारोळ, ३० हजार टनांहून जास्त माल नष्ट. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द करून पुन्हा तपासणी सांगितली, आणि नोव्हेंबरात मॅगी परत दुकानात. सुरुवातीचे काही दिवस कंपनी फारसं बोललीच नाही. तांत्रिकदृष्ट्या आपण बरोबर आहोत, असं समजून बसली. बरोबर असणं आणि गप्प असणं, दोन्ही एकदम परवडत नाही.

खोटं बोलावं लागतं का?

फुगवून बोलायचा मोह रोज होतो. लगाम आहेत: १९८५ पासूनची जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, ज्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. पण कायद्यात बसतं म्हणून सगळं शोभतं असं नाही. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ ला आली आणि नावातला ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडलं. सावळ्या मुलीची नोकरी क्रीम लावल्यावर लागते, असल्या जाहिराती बघत आम्ही मोठ्या झालो, आणि मी स्वतः सावळी आहे. तशा ब्रँडवर काम करायची ऑफर एकदा आली होती. मी नाही म्हटलं. फार शूरपणा नव्हता त्यात. दुसरी ऑफर हातात होती.

आता सगळं इन्स्टा आणि दहा मिनिटांत घरपोच. किराणा दुकान संपलं ना?

हे मी पंधरा वर्षं ऐकतेय. आधी मॉलने संपवलं, मग ऑनलाइनने, आता क्विक कॉमर्सने. मुंबई-पुण्यात माल तिकडे सरकतोय, हे खरं. पण पॅकबंद मालाचा मोठा हिस्सा अजून गल्ल्यापलीकडच्या माणसाच्या हातूनच जातो, आणि इंटरनेटवर मोठे झालेले ब्रँडही एका मापापुढे त्याच्याच दारात येतात. मामाअर्थवाली होनासा नोव्हेंबर २०२३ ला शेअर बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी, वितरणाची साखळी बदलताना जुना माल परत घ्यावा लागल्याने, सप्टेंबरच्या तिमाहीत तोट्यात गेली. इन्स्टावरच्या लाइक गोदामात साचत नाहीत, पेट्या साचतात.

आणि दुकानदार-वितरक गप्प बसून मार खात नाहीत. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी बड्या कंपन्यांच्या काही मालावर बहिष्कार घातला होता. तक्रार साधी होती: मोठ्या ऑनलाइन घाऊकवाल्यांना एक भाव आणि आम्हाला दुसरा का? त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. ऑफिसात मात्र हे बोलायची सोय नव्हती.

आमचा घरचा मसाल्याचा धंदा आहे, मोठा करायचाय. जाहिरातीवर किती खर्च करू?

तूर्तास शून्य. आधी सांगा, तुमच्याच गावातल्या शंभर दुकानांपैकी कितींत तुमचा मसाला आहे? बहुतेक जण ‘सगळीकडे’ म्हणतात आणि मोजल्यावर पस्तीस निघतात. त्या पासष्ट दुकानांत जा. मग तालुका, मग शेजारचा जिल्हा. मुंबईत डिस्ट्रिब्युटर नेमायची घाई करू नका. तिथून माल परत येतो तेव्हा एक्सपायरी होऊन येतो.

चितळ्यांकडे बघा. १९३९ ला भिलवडीत दुधाचा धंदा, मग पुणे, आणि पुण्यात वर्षानुवर्षं एक ते चार दुकान बंद ठेवूनही रांग. बाकरवडी यंत्रावर आली, टिकाऊ पाकिटात बसली, मग कुठे ती पुण्याबाहेर दूर निघाली. दुपारचं दुकान उघडं ठेवायला त्यांना २०१७ उजाडलं, ही गंमत वेगळी. तुम्ही दुपारी दुकान बंद ठेवू नका. तुमच्या दारात अजून रांग नाही.

फुकट माल मिळतो का?

मिळतो. दिवाळीला पेटीभर येतो आणि सोसायटीत माझी लोकप्रियता तेवढ्यापुरती वाढते.

आईकडे मात्र अजून दुसऱ्या कंपनीची पावडर असते. माझी पेटी ती मोलकरणीला देते. एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, “तुमच्या पावडरीचा फेस जातच नाही गं. दोनदा जास्त खळबळावं लागतं, आणि आमच्याकडे नळ येतो पाऊण तास.” सोमवारी मी ते जसंच्या तसं लॅबवाल्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, सॅम्पल किती जणींचं? मी म्हटलं, एक. त्यांनी लिहून घेतलं नाही. आता मी पाऊण तासच नळ येणारी चाळीस घरं शोधते आहे.